मसूरचा मास्तर चांगला होता काय?

सातारा जिल्ह्यातलं मसूर. पुणे-मिरज लायनीवरचं लहान स्टेशन. १९०१ साली बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुलं तिथं उतरली. सगळी पोरं. गोरेगावला वडलांकडं जायचं होतं. न्यायला कुणी नाही. बाबासाहेबांनीच हे पुढं लिहून ठेवलंय.

तिकिटानं जात विचारली नव्हती. मास्तरनं विचारली. ‘महार’ ऐकताच त्याचा चेहरा पालटला, तो खोलीत निघून गेला. अर्ध्या तासानं परत आला. दुप्पट भाडं देऊनही गाडीवान तयार होईनात. मग त्यानंच तोड काढली: पोरांनी गाडी हाकायची, गाडीवानानं पायी चालायचं, भाडं दुप्पट.

मित्रांनो, हा माणूस दुष्ट नव्हता. खटपट केली त्यानं. पण त्याच्या तोडीनं कुणाचं काय गेलं? गाडीवानाला पैसा मिळाला, सोवळंही शाबूत राहिलं. भुर्दंड पोरांना. विटाळाचा नियम होता तिथंच राहिला.

पोरांनी गाडी घेतली, बरोबरच केलं. रात्र तोंडावर होती. अडलेल्यानं वाट घ्यावीच. पण वाट काढून देणाऱ्याला आपण न्याय देणारा म्हणायचं काय? आजही असे भले मास्तर भेटतात. त्यांचे आभार जरूर माना. आणि तिथंच विचारा: बाबा, नियम मोडलास, का नुसता वळसा घातलास?