समर्पणाचा अधिकार

स्तोत्रकाराचे काम इतर कवींच्या कामाहून एका बाबतीत वेगळे आहे. इतर कवीचा 'मी' बहुधा त्याचाच असतो. स्तोत्रकाराचा 'मी' उद्या शेकडो मुखांनी उच्चारावयाचा असतो. बपेऱ्यासारख्या गावी एकादशीच्या रात्री भजनास बसलेला शेतकरी तुकोबांचा अभंग म्हणतो, तेव्हा त्यातील 'मी' तुकोबांचा की त्या शेतकऱ्याचा, हे कोणी विचारीत नाही. परंतु 'मी सर्वस्व अर्पिले' असे ज्याने प्रथम म्हटले, त्याने अर्पिलेले ते सर्वस्व त्याचेच होते काय, हा प्रश्न अप्रस्तुत नव्हे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याविषयी तो टाळता येत नाही. मेथॉडिस्ट चळवळीला चार्ल्स वेस्लीच्या रूपाने गायक लाभला. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना टिळक लाभले, मग ते अमेरिकन मराठी मिशनचे का असेनात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. तो लोहमार्ग आमच्या भंडारा जिल्ह्यातूनच जातो. बपेऱ्याच्या माणसास तुमसर रोडचे स्थानक परके नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या उपासकांना त्यांनी ओवी-अभंगांचे वळण दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. आणि त्यांची पदे वाचणारास ते खरे वाटते.

पण या प्रवासाचे भाडे कोणी भरले? लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. पती जिवंत असून घर मोडले. विधवा नव्हे, आणि सौभाग्याचा मानही पूर्वीसारखा नव्हे, अशा अवस्थेत मुलाला घेऊन त्यांनी काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. सत्याच्या शोधात भागीदार नसतो, असे टिळकांच्या बाजूने म्हणता येईल, आणि मला ते मान्य आहे. जे सत्य म्हणून पटले, ते बायकोच्या भयाने दडपून ठेवणारा मनुष्य तिच्याशी तरी प्रामाणिक कसा राहणार? मात्र पत्नीची जात, तिचे माहेर, चारचौघींतील तिचे स्थान, ही टिळकांची मालमत्ता नव्हती. ती गेली, त्यांनी ती दिली असे म्हणता येत नाही.

१९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. कल्पना उदात्त खरी. तरीही हा दुसरा त्याग मला पहिल्याहून कमी पटतो. पहिल्या वेळी विवेकबुद्धीने त्यांस दुसरा मार्ग ठेवला नव्हता; दुसऱ्या वेळी मार्ग होते, आणि वेतनावर चूलही अवलंबून होती. संन्याशाची गृहिणी कोणत्या आश्रमात मोडते, याचे उत्तर आमच्या शास्त्रकारांनीही कधी नीटसे दिलेले नाही!

लक्ष्मीबाई मात्र पतीमागून फरफटत गेल्या नाहीत. टिळकांकडे परतल्यावरही त्यांनी आपले पाणी वेगळे ठेवले, सोवळे पाळले. जातिभेद ईश्वराने केला की मनुष्याने, याचा स्वतःशी विचार करून त्यांनी ते बंधन टाकले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. जे एकदा हिरावले गेले होते, ते त्यांनी आपल्या हाताने पुन्हा दिले. आणि तेवढ्यापुरते तरी ते खरे दान झाले. 'स्मृतिचित्रे' वाचणारास तक्रारीचा सूर शोधूनही फारसा सापडत नाही. टिळकांच्या लहरींवर ही बाई हसते. क्षमा केली असेही सांगत बसत नाही.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले, तेव्हा त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरेच होते. लग्नानंतर अक्षरे गिरवावयास बसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते पुरे केले.