सराफाची नजर, भिक्षूचा हात

पाचव्या शतकात सिंहलद्वीपी अनुराधपुरच्या महाविहारात राहून बुद्धघोषाचार्यांनी जो ‘विसुद्धिमग्ग’ रचला, त्यात संज्ञा, विज्ञान आणि प्रज्ञा यांतील भेद समजावून देण्यासाठी त्यांनी योजलेला दृष्टांत तपोवनातला नसून सराफकट्ट्यावरचा आहे. फळीवर नाण्यांची रास पडली आहे आणि तिच्याकडे तिघे जण पाहत आहेत. अजाण बालकाला ती नाणी नक्षीदार, लांबट, चौकोनी, वाटोळी एवढीच दिसतात. खेडूताला तेवढे तर दिसतेच, शिवाय या वस्तू माणसाच्या उपभोगाला कामी येतात हेही तो जाणतो. परंतु खरे कोणते, खोटे कोणते आणि निमकसाचे कोणते हे केवळ तिसऱ्याला, सराफाला उमगते, आणि तेही पाहून, वाजवून, हुंगून, चाखून, हातात तोलून असे उमगते की, नाणे कोणत्या गावी, कोणत्या नदीकाठी, कोणत्या कारागिराने पाडले हेसुद्धा तो सांगू शकतो. बालकाचे पाहणे ती संज्ञा, खेडूताचे ते विज्ञान, सराफाचे ती प्रज्ञा.

हे तिघेही आजमितीस पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी अथवा रविवारी एकाच गोणपाटाभोवती उकिडवे बसलेले आढळतात. गंजक्या कुलुपांच्या आणि कान तुटलेल्या चिनी बरण्यांच्या शेजारी तांब्याच्या नाण्यांचा ढीग असतो. त्यात ढब्बू पैसे, महायुद्धकाळातले भोकाचे पैसे, एका बाजूस तराजू कोरून त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’ म्हणजे न्याय असे लिहिलेली कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याची नाणी, आणि नशीब असेल तर शिवराया. शिवराईच्या एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. पण ती सगळीच्या सगळी एका नाण्यावर क्वचित सापडतात. याचे कारण असे की, ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्यामुळे हातोड्याचा घाव बसताच कडेची अक्षरे चकतीबाहेर राहत. नवशिका ग्राहक अर्धा उरलेला ‘श्री’ पाहून नाणे झिजले असे समजतो. मुरलेला ग्राहक ते कडांना धरून उन्हात तिरपे करतो आणि जी अक्षरे उमटली आहेत त्यांचा माथा अजून धारदार आहे की बोटांनी गुळगुळीत झाला आहे एवढेच पाहतो. जे मुळात उमटलेच नाही आणि जे उमटून झिजले, या दोहोंतला विवेक हीच नाण्याची प्रत ठरवण्याची खरी कसोटी होय. चिंचेने घासून लखलखीत केलेले नाणे मात्र तो हातातही घेत नाही. आपल्या घरांत तांब्याचा तांब्या चिंचेने उजळणे हा गृहिणीचा नित्यधर्म असला, तरी नाण्यावर शतकभर चढलेल्या तपकिरी थराबरोबर अक्षरांची बारीक धारही चिंचेच्या आंबटाने निघून जाते, आणि उरतो तो लालभडक, नागवा पत्रा.

या दृष्टांताशी आपल्याकडच्या एका घराण्याचा दुहेरी संबंध आला, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, तर त्यांचे चिरंजीव दामोदर यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घातली आणि नाणे जितके हातांतून फिरते तितके त्याचे सरासरी वजन घटत जाते व वजनांतील तफावत वाढत जाते, या गणिती सूत्रावर इतिहासाची मांडणी केली. पित्याने सराफाचा दृष्टांत शुद्ध करून छापला आणि पुत्राने सराफाचा काटा हाती धरला.

पण खरा पेच पुढेच आहे. ज्या भिक्षूने प्रज्ञेसाठी सराफाची उपमा निवडली, त्याला विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, नियमाने सोन्यारुप्याला स्पर्शही वर्ज्य होता. बुद्धनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्षूंनी उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र ठेवून उपासकांकडून नाणी मागितली, त्यावरून यश स्थविराने केलेली तक्रार दुसऱ्या संगीतीपर्यंत पोहोचली. आणि भिक्षूने नाणे स्वीकारलेच, तर ते टाकून देण्यासाठी संघाने जो भिक्षू नेमावयाचा, त्याच्या अंगी पाच गुण हवेत असे विनय सांगतो: तो आवडीने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकडा जाणारा नसावा, आणि काय टाकले व काय टाकले नाही हे त्याला कळत असावे. शिवाय ते कोठे पडले याची खूण त्याने मनात ठेवता कामा नये. म्हणजे ओळख हवी, पण ओढ नको. हे दोन्ही एका माणसात कसे नांदावे?

आपल्या प्रतवारीचा इतिहास तर याच्या नेमका उलट जातो. 1949 साली विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी 1 ते 70 अशी श्रेणी आखली, तिचा मूळ हिशेब असा होता की, सत्तरीचे नाणे पहिल्या पायरीवरच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे ठरावे. प्रत हीच किंमत! मग जाणणे आणि हवेसे वाटणे वेगळे उरावे तरी कसे? आपल्या डबीतल्या नाण्याला आपण एक पायरी वर चढवतो ती आवडीने. स्पर्धकाच्या नाण्याला खाली ओढतो ती द्वेषाने. दुर्मीळ नाणे हाती लागल्याच्या हर्षात बनावट ओतकामाची कडेवरची सांधरेषा दिसत नाही तो मोह. आणि बाजारातल्या बड्या जाणत्याने ‘उत्तम’ म्हटलेल्या नाण्याला ‘मध्यम’ म्हणण्याचे धैर्य होत नाही ते भय. विनयाने नाणी टाकणाऱ्यासाठी केलेली यादी नाणी गोळा करणाऱ्याला इतकी तंतोतंत लागू पडावी, हे नवलच.

विक्रेता खेडूत आणि ग्राहक सराफ असेल, तर ग्राहकाचे मौन ही चोरी आहे काय, असा प्रश्न धर्मशील माणसाला पडतो. मला ते चोरी वाटत नाही. ढीग दिवसभर विक्रेत्याच्याच पुढ्यात होता, आणि नजर कमावण्यास ग्राहकाने वर्षे वेचली आहेत. परंतु विक्रेत्याने “काय शेठ, काही भारी निघालं का?” असे विचारले आणि ग्राहकाने, “कसलं भारी, अक्षरंच उडालीत,” असे उत्तर दिले, तर गोष्ट निराळी होते, कारण ती अक्षरे उडाली नसून मुळातच उमटली नव्हती हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि पुढे तेच नाणे दुसऱ्या संग्राहकाला विकताना, “ठसाच अपुरा बसलाय, झीज म्हणाल तर नाहीच,” असे तोच माणूस शपथेवर सांगतो. प्रज्ञा दोन्ही वेळा तीच होती.

कोणी म्हणेल, त्या भिक्षूला नाणे फेकायचेच होते, म्हणून त्याची पारख निर्मळ राहिली. पण नियमाचा क्रम तसा नाही. चार दोष आधी गेलेले असावेत आणि मगच त्याच्या हाती नाणे द्यावे, असा तो आहे. संसारी संग्राहकाला हा क्रम पेलेल असे मला वाटत नाही. त्याला नाणी हाताळता हाताळताच, निम्मे दोष पदरात घेऊन, पुढच्या बुधवारी पुन्हा त्याच गोणपाटाशी जाऊन बसावे लागते.