ऐकणाऱ्याची साक्ष

अल्लादिया खाँसाहेब 1946 मध्ये गेले आणि मागे स्वतःच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका ठेवून गेले नाहीत. 1922 मध्ये गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचंही तेच. तरीही खाँसाहेबांची तान किती पेचदार होती, बुवा मैफल कशी रंगवत, याविषयी आपण ठामपणे बोलतो. हा ठामपणा काही अंशी शिष्यांच्या गळ्यातून आला आणि उरलेला समोर बसलेल्यांच्या बोलण्यातून. गोविंदराव टेंबे बुवांच्या साथीला पेटीवर बसत, कोल्हापुरात खाँसाहेबांचा सहवासही त्यांना लाभला. ‘माझा संगीत व्यासंग’सारखं पुस्तक त्यांनी लिहिलं नसतं, तर त्या काळाबद्दल आपल्याकडे नावं उरली असती, गाणं नाही. आपल्या संगीताच्या इतिहासाचा मोठा भाग असा ऐकणाऱ्यांच्या साक्षीवर उभा आहे. म्हणून मैफल संपल्यावर रसिक काय बोलतात, याला मी फावल्या वेळातल्या गप्पा मानत नाही.

आता सगळंच मुद्रित होतं, मग साक्षीदार कशाला, असं कुणी विचारील. पण मुद्रण आलं तेव्हाही हा प्रश्न मिटला नव्हता. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही तेवढीच. तासभर एक राग उलगडत नेणाऱ्या बाईंची बैठक त्यातून कळणार कशी? अर्थात तबकडीला कमी लेखू नये. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीने लहानग्या भीमसेनला गदगचं घर सोडायला लावलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तबकडी गाण्याची ओढ लावते. बैठकीत काय घडलं, हे मात्र तिथे असलेलाच सांगू शकतो. जुन्या खासगी मुद्रणांत मधूनच ‘क्या बात है’ ऐकू येतं, तेव्हा त्या खोलीत लोक कुठल्या जागेला हलले ते कळतं. ती दाद हीसुद्धा एक नोंदच.

या नोंदीला शास्त्राची बैठक देता येते, हे वामनराव देशपांड्यांनी दाखवलं. व्यवसायाने ते चार्टर्ड अकाउंटंट. स्वतः गाणं शिकले होते आणि आयुष्यभर ऐकत आले होते. 1961 च्या ‘घरंदाज गायकी’त त्यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली : किराणा स्वराकडे झुकलेलं, आग्रा लयीकडे, आणि जयपूरमध्ये दोन्हींचा तोल. ही मांडणी सगळ्यांना पटली नाही, पटायलाच हवी असंही नाही. पण ‘मला आवडलं’ इथून सुरुवात करून ‘का आवडलं’ इथवर एक श्रोता जाऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. एकाच मैफलीतून दोन जण उलट मतं घेऊन का उठतात, तेही त्यातून कळतं. एक जण आवर्तन कसं भरलं ते पाहत असतो, दुसरा गंधार कसा लागला याची वाट पाहत असतो. कुमार गंधर्वांवरून जे वाद झाले, ते याच जातीचे. त्या वादांनी कुमारांचं काही बिघडलं नाही. ऐकणाऱ्यांचे कान मात्र तयार झाले.

असे वाद झडायला जागा आणि वेळ लागतो. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. दोन कलाकारांच्या मध्ये चहाचा कप हातात घेऊन अनोळखी माणसं नुकत्याच झालेल्या गाण्याची चिरफाड करत. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहाची मर्यादा आली आणि दरबारी, मालकंस त्यांच्या प्रहरी उघड्या मांडवात ऐकणं दुर्मिळ झालं. नियम लोकांच्या झोपेसाठी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्रींबरोबर गाण्यावर निवांत भांडण्याची सवयही कमी झाली.

तिची जागा दोन गोष्टींनी घेतली आहे. पहिली, हजेरीची फुशारकी : ‘त्या वर्षीचा पंडितजींचा मालकंस तुम्ही ऐकलाच नाहीत? मग काय ऐकलंत!’ यात मालकंसाबद्दल एक अक्षर नसतं, सगळं सांगणाऱ्याबद्दल असतं. दुसरी, विशेषणांची खैरात : अलौकिक, स्वर्गीय, ‘शब्दच नाहीत’. शब्द नाहीत म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा ते शोधलेलेच नसतात. भक्ताला उणं दिसू नये, हाही एक संकेतच झाला आहे. किशोरीताई आमोणकरांच्या मैफलीत सूर मनासारखा लागेपर्यंत वाट पाहावी लागे, श्रोत्यांची चुळबुळ त्यांना खपत नसे, एखादा दिवस जमतही नसे. ज्यांनी हे लपवलं नाही, त्यांनीच ताईंचा लागलेला सूर काय चीज होती हेही विश्वासाने सांगितलं. न जमलेली मैफल न जमलेली म्हणणाऱ्याच्याच ‘वा’ला वजन असतं.

चांगल्या साक्षीला मोठी विद्वत्ता लागत नाही. राग कोणता, वेळ कोणती, आवाज कधी तापला, तबलजीने ठेका धरून ठेवला की मध्ये मध्ये कसरती केल्या, टाळ्या कशाला पडल्या आणि कशाला पडायला हव्या होत्या, एवढं सांगितलं तरी पुरतं. रागाचं नाव ओळखता आलं नाही तर शेजाऱ्याला विचारावं, त्यात कमीपणा नाही.

डिसेंबरात पुन्हा सवाई होईल. गावोगावच्या म्युझिक सर्कलच्या बैठकाही होतील. आपल्या आवडत्या गायकाला जरूर ऐका, पण ‘छान झालं’ म्हणून थांबू नका. काय छान झालं, कुठे उणं राहिलं, हे त्याच रात्री कुणाला तरी सांगा, आणि जमलं तर चार ओळींत लिहून, खाली तारीख घालून ठेवा.