तेल वाळतं, घड्याळ मोडत नाही

॥ श्री गणेशाय नमः ॥ ॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्याच्या चिंतनाला विषय घेतलाय घड्याळाचा. भिंतीवरच्या नाही, मोबाईलमधल्या तर नाहीच. आजोबा-पणजोबांचं, चावी द्यावी लागणारं मनगटी घड्याळ. आपल्यापैकी पुष्कळ घरांत असं एखादं घड्याळ कपाटाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलेलं असेल. वाचून झाल्यावर ते एकदा बाहेर काढून बघा.

घड्याळ आणि देवघर यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. मनगटी घड्याळं नव्हती तेव्हा लग्नात घटिकापात्र ठेवत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटका म्हणजे एक अहोरात्र. त्या वाटीची पूजा व्हायची, कारण वेळ ही देवाची वस्तू आणि आपल्याला ती फक्त वापरायला दिलेली, अशी आपल्या वाडवडिलांची समजूत होती. मंगलाष्टकं संपताना गुरुजी 'सावधान' म्हणतात तेही याच समजुतीतून. घटका भरत आली, आता जागे राहा.

आता चावीच्या घड्याळाकडे येऊ. आमच्या मामंजींचं घड्याळ एच.एम.टी. कंपनीचं, 'जनता' नावाचं. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. पगारातून पैसे साठवून त्यांनी ते घेतलं, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं वापरलं. ज्यांना ठाऊक नाही अशा मुलांसाठी सांगतो: १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. त्याआधी चांगलं घड्याळ म्हणजे परदेशातून आलेलं. एच.एम.टी.मुळे ते मास्तर, कारकून, शेतकरी यांच्या मनगटावर आलं. लग्नात जावयाला एच.एम.टी. द्यायची तर तेव्हा अभिमानाची गोष्ट होती. २०१६ साली सरकारने हा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. कारखाना गेला, पण घरोघरी घड्याळं राहिली.

मामंजी गेल्यावर वाटणी झाली. शेताचे दोन भाग झाले, घराचे झाले, तांब्या-पितळेची भांडी मोजून वेगळी झाली. घड्याळाचे दोन भाग होईनात. मोठे भाऊजी नोकरीमुळे पूर्वीपासून बडोद्याला. त्यांनी वाटणीत स्वतःहून एवढंच मागितलं होतं, बाबांचं घड्याळ. सासूबाईंचा जीव त्यात अडकलेला, म्हणून ते बेळगावलाच राहिलं. भांडण असं झालं नाही. पण आधी आठवड्याला येणारा फोन महिन्यावर गेला, मग दिवाळी-पाडव्यावर, आणि मग लग्नपत्रिकाही पोस्टाने येऊ लागल्या. घड्याळ तेव्हाच कधीतरी बंद पडलं. किती वाजता थांबलं, कुणी बघितलंही नाही.

यंदा पावसाळ्यात मोठ्या भाऊजींचं हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि त्यांच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. तेव्हा घरात ठरलं की घड्याळ चालू करायचं आणि ते बडोद्याला पाठवायचं.

*'वरून तेच दिसेल'*

पहिल्या दुकानात सांगितलं, "आतलं मशीन काढून सेलवालं बसवून देतो. अर्ध्या तासाचं काम. वरून तेच दिसेल, चावीची कटकट पण गेली."

बघा, किती सोयीचं आहे! आणि हाच मोह आपल्याला साधनेत पडतो. देव्हारा तोच, आरतीची वेळ तीच, गळ्यात माळ तीच. वरून सगळं वाडवडिलांचं. आत मात्र रोज चावी देणारा हात उरलेला नाही. मोबाईलवर आरती लावली, ती वाजतेय, आपण कुकरच्या शिट्ट्या मोजतोय. आरती मोबाईलवर लावणं वाईट असं म्हणणं नाही. आमच्याकडेही लागते. पण तेवढ्यावर भागवलं, तर ते वरची तबकडी ठेवून आतलं मशीन बदलण्यासारखंच.

घड्याळ परत आणलं. मग एका जुन्या बाजारात वयस्कर घड्याळजी सापडले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, चिमट्याने एक चाक हळूच हलवून बघितलं आणि म्हणाले, "मोडलेलं काही नाही. तेल वाळलंय."

गुरुबंधूंनो, त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घरात राहायलाच आलंय.

घड्याळात घातलेलं तेल कायम टिकत नाही. वर्षं जातात तसं ते घट्ट होतं, धूळ धरतं, शेवटी डिंकासारखं होतं. ज्याने चाक सहज फिरावं तेच चाकाला धरून ठेवतं. चाकं शाबूत, दात शाबूत, स्प्रिंग शाबूत, तरी घड्याळ बंद. अशा घड्याळाला जोर करून चावी देत राहिलं तर नुकसान होतं, कारण कोरड्या कण्या घासून झिजतात. किती घरांत नेमकं हेच झालेलं असतं! भाऊ वाईट नसतो, जाऊ वाईट नसते, सून वाईट नसते. मोडलेलं काही नसतं. एकेकाळी दोघांमधलं जे मऊ होतं, ते वापराविना वाळलेलं असतं.

*धुणं, पुसणं, आणि किती तेल*

त्या काकांनी पूर्ण घड्याळ सुटं केलं. एकेक चाक, एकेक स्क्रू वेगळा. सगळं धुतलं, वाळवलं. वरून थेंबभर तेल सोडून का भागत नाही, असं विचारल्यावर ते हसले. जुन्या चिकट्यावर नवीन तेल घातलं तर चार दिवस चालतं आणि मग पहिल्यापेक्षा जास्त अडकतं. आधी जुनं निघालं पाहिजे. चित्तशुद्धी याहून वेगळी काय असते? मनात जुनं बोलणं तसंच ठेवून वरून गोड बोललो, तर ते सणापुरतं टिकतं.

मग तेल. एवढं तेल की सुईच्या टोकावर मावावं. तबकडीवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं आपण वाचतो. ते दागिने नव्हेत, कारखान्यात तयार केलेली माणकं आहेत. चाकांच्या बारीक कण्या त्यांच्या भोकांत फिरतात, म्हणून त्या झिजत नाहीत. त्या माणकाला वाटीसारखा लहानसा खळगा असतो, तेल तेवढ्यातच राहायला हवं. जास्त झालं की पसरतं आणि जिथे जाऊ नये तिथे जातं.

आत केसासारखी एक बारीक स्प्रिंग असते, गोल वेटोळ्यांची. तिला तेल बिलकूल लागू द्यायचं नाही. लागलं तर वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळायला लागतं. लोहचुंबकाजवळ ठेवल्यानेही तेच होतं. स्पीकर म्हणा, चुंबकाचं मोबाईल कव्हर म्हणा. बाहेरून काही कळत नाही. काका होकायंत्र जवळ धरून बघतात, सुई थरथरली की समजायचं, चुंबक शिरलंय.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, प्रेमालाही जागा आणि मोजमाप असतं. मुलाच्या संसारात रोज दहा सूचना करणं हे प्रेमच असतं, पण ते केसाच्या स्प्रिंगवर पडलेलं तेल. दुसरी, संगत. आपण कशाजवळ बसतो त्याची ओढ आपल्यात शिरते आणि आपल्याला ते दिसत नाही. म्हणून सत्संग. गुरूंच्या पायाशी बसलं की होकायंत्राची सुई लगेच सांगते, आपल्यात काय शिरलंय ते.

*अडवणारा दात*

चावी दिली की मोठी स्प्रिंग गुंडाळली जाते. तिच्यात दीड दिवस पुरेल एवढी शक्ती साठते. पण ती मोकळी सोडली तर सगळी चाकं गर्रकन फिरून क्षणात संपून जाईल. वेळ दाखवणार नाही. म्हणून आत एक लहान भाग असतो, तो शेवटच्या चाकाचा एकेक दात अडवतो आणि सोडतो, अडवतो आणि सोडतो. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे त्या अडवण्याचा आवाज. शक्ती चावीने येते, पण तिची वेळ होते ती अडवण्याने. उपास, मौन, ठरलेल्या वेळी उठणं, राग आला तरी एक शब्द गिळणं, याला मुलं 'बंधन' म्हणतात. त्यांना हे घड्याळ उघडून दाखवावं.

अशा घड्याळात सेकंदाला पाच ठोके पडतात. अहोरात्रीत ४,३२,००० होतात. आपल्या परंपरेत दिवसाचे श्वास २१,६०० मानतात, तोच अजपाजप. म्हणजे एका श्वासात घड्याळाचे वीस ठोके. कलियुगाची वर्षंही ४,३२,००० च सांगितलेली आहेत. यात कुठला चमत्कार शोधू नये, आकडे जुळले एवढंच. पण रात्री दिवा मालवल्यावर ते घड्याळ कानाशी धरून एक श्वास घेऊन बघा. वीस ठोके जातात. त्यात नाम एकदा तरी सहज बसतं.

*डाग राहू दिला*

तबकडीवर चारच्या आकड्याजवळ ओलाव्याचा पिवळट डाग होता. काका म्हणाले, नवीन रंगवून मिळेल. घरात विचार झाला आणि डाग ठेवला. नदी ओलांडून शाळेत जाताना भिजलेलं घड्याळ आहे ते. काच बदलली, कारण ती चरे पडून धुरकट झाली होती आणि वेळच दिसत नव्हती. एका जुन्या निकामी घड्याळातली स्प्रिंग बसवली. जे वाचायला अडथळा करतं ते बदलावं. जे फक्त आठवण आहे ते राहू द्यावं. क्षमेचंही असंच आहे. क्षमा म्हणजे झालेलं पुसून नवीन रंग देणं नव्हे. डाग दिसतो, तरी वेळ बरोबर दाखवता येते.

नंतर आठ दिवस त्यांनी घड्याळ उताणं, पालथं, उभं, आडवं ठेवून तपासलं. प्रत्येक स्थितीत त्याची चाल थोडी वेगळी पडते. शेवटी म्हणाले, "रोज वीसेक सेकंद पुढे जाईल. एवढं चालायचंच." दिवसात ८६,४०० सेकंद. त्यात वीस! आपण माणसांना एवढीसुद्धा सूट देत नाही.

*मग यात आसक्ती नाही का?*

परवाच्या उपासनेत एका ताईंनी विचारलं, की गुरू सांगतात वस्तूत जीव गुंतवू नका, मग जुन्या घड्याळासाठी एवढी खटपट कशाला? प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर आम्हांला सासूबाईंकडून मिळालं.

त्यांचं वय ८४. घड्याळ दुरुस्त होऊन आलं त्या रात्री त्यांनी ते उशाशी ठेवलं. ऐकू कमी येतं, म्हणून उशीच्या अभ्र्यात, कानाखाली. रात्रभर त्यांची कूस बदललेली आम्ही पाहत होतो. अकरा वर्षांनी तो आवाज घरात होता. वाटलं, आता काही हे घड्याळ बडोद्याला जात नाही, आणि कुणी तसं म्हणणारही नव्हतं. सकाळी आंघोळ करून त्यांनी देवापुढे घड्याळ ठेवलं, स्वतः चावी दिली, कापसात गुंडाळून डबीत घातलं आणि म्हणाल्या, "जा घेऊन. त्याच्या पोराच्या हातावर लग्नात दिसू दे. माझं ऐकून झालं."

वस्तू सांभाळणं ही आसक्ती नव्हे. ती सोडायची वेळ आली आणि मूठ उघडली नाही, तर ती आसक्ती. सांभाळताना पूर्ण जीव लावायचा आणि देताना पूर्ण हात मोकळा करायचा. आपल्याकडे याला 'ठेव' म्हणतात. घड्याळ ठेव, घर ठेव, मुलं ठेव, हा देहसुद्धा ठेव.

डबी बडोद्याला पोचली. मोठे भाऊजी आता रोज सकाळी औषधाच्या गोळीच्या वेळी त्याला चावी देतात, आणि चावी दिली की आईला फोन करतात. दोन मिनिटांचा फोन असतो. जेवलीस का, पाय दुखतो का, एवढंच. जुनं काही कुणी काढलेलं नाही. थेंबभर तेल, रोज.

*या आठवड्याचा नेम*

१. रोज एक वेळ ठरवून, त्याच वेळी, अकरा मिनिटं नामस्मरण. चावीचं घड्याळ असेल त्यांनी आधी त्याला चावी द्यावी, मग माळ हातात घ्यावी. चावी हळू द्यावी, अडकली की थांबावं.

२. ज्या नात्यातलं तेल वाळलंय अशा एका माणसाला फोन. कारण काढू नये, हिशेब काढू नये. तब्येत विचारावी.

३. घरात वाडवडिलांची एखादी बंद वस्तू असेल तर ती मुलांना दाखवावी, कुणी वापरली ते सांगावं. दुरुस्तीला देणार असाल तर आतलं मशीन बदलू नका, एवढी विनंती.

पुढच्या गुरुवारी उपासनेनंतर कुणाचा नेम कसा झाला ते ग्रुपवर जरूर लिहा. लिहिणं जमत नसेल त्यांनी आवाजात पाठवा, आम्ही उतरवून घेऊ.

सद्गुरूंनी आपल्या सगळ्यांच्या घरी रोज चावी देणारा एक तरी हात ठेवावा, हीच चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥ ॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

— सेविका भगिनी, बेळगाव