दोन भांड्यांमधली जागा

बसा. पाठ सैल सोडा. श्वास चालला आहे तसा चालू द्या.

डोळ्यांसमोर एक कागद आणा. त्यावर पेन्सिलीने काढलेल्या दोन बाटल्या, एक बुटकं भांडं, कडेला डबा. जॉर्जो मोरांदीच्या रेखाटनांत अशाच वस्तू भेटतात. इटलीतल्या बोलोन्यात तो १८९० साली जन्मला, १९६४ साली तिथेच वारला. व्हिया फोन्दात्सा या रस्त्यावरच्या घरात तो बहिणींसोबत राहायचा. निजायची खोली हीच चित्रं काढायची खोली. तीच तीच भांडी त्याने वर्षानुवर्षं मांडली. चकाकी मरावी म्हणून काहींना रंग फासला, वर धूळ साचू दिली. नव्या वस्तूची त्याला गरजच पडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता बाटलीच्या कडेवर नजर ठेवा. गळ्यापासून खाली या. घाई नको. खांद्याशी रेघ किंचित थरथरते. आणखी खाली, उजेड पडला आहे तिथे, ती तुटते. उरलेली कड डोळा भरून काढतो. भरू द्या.

बाटली सोडा, पण डब्याकडे जाऊ नका. दोघांच्या मधे थांबा. त्या अरुंद पोकळीलाही आकार आहे: गळ्यापाशी रुंद, पोटापाशी चिंचोळा. बाटलीची कड ती या पोकळीचीही कड. कुठली रेघ कुणाची, हे मोरांदी पुष्कळदा सांगतच नाही. इथे रेंगाळा. त्याच्या रेखाटनांचं सौंदर्य मला या जागेत सापडतं. भांडी वापरताना ती दिसत नाही. हात थेट भांड्याच्या कानाला जातो, पाणी ओतलं की भांडं जागेवर.

आता आपल्या ओट्याकडे वळा. तांब्या असेल, शेजारी फुलपात्र. तांब्याचं तोंड गोल आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बसल्या जागेवरून मात्र ते चपटं, लांबट दिसतं. उभे राहा, ते गोलाईकडे झुकेल. डोळे काठाच्या पातळीला आणा, नुसती आडवी रेघ उरेल. शिकाऊ हात ते हमखास जास्त गोल काढतो, कारण तो डोळ्यापेक्षा माहितीवर विसंबतो.

पेन्सिल घ्या. तांब्या काढू नका, फुलपात्रही नको. दोघांमधली पोकळी काढा. तिच्या दोन्ही बाजूंनी भांडी उमटू लागतील. रेघ चुकली तर पुसू नका. तिला राहू द्या आणि शेजारून दुसरी काढा.