मागील चूक आणि पुढील जबाबदारी

भिवंडीजवळच्या एका खेड्यातील उपदेशक बंधूंनी आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. प्रश्न एका घरचा आहे, तथापि तो पुष्कळ मंडळ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून, नावगाव न सांगता, आम्ही त्याचा येथे विचार करीत आहोत.

त्यांच्या मंडळीतील एक तरुण काही वर्षे सैन्यात होता. तेथे असता आईच्या आजाराचे खोटे निमित्त सांगून तो एकदा रजेवर आला, सोबत्यांत रमला, आणि रजा संपल्यावरही अठरा दिवस पलटणीत हजर झाला नाही. त्याबद्दल त्यास शिक्षा झाली, व त्याच्या नावावर लाल शाईची नोंद पडली. जवान लोक हिला 'रेड इंक एंट्री' म्हणतात. पुढे त्याने नेटाने काम केले, नोकरीत असतानाच पदवी मिळविली, आणि घरच्या अडचणीमुळे रीतसर सेवामुक्त होऊन तो परत आला. आता त्याचे वय तेवीस वर्षांचे आहे. लष्करी वैमानिक व्हावे ही त्याची लहानपणापासूनची इच्छा. एके दिवशी सायंकाळी तो हातात कागद घेऊन उपदेशकांकडे आला व म्हणाला, "मास्तर, मागच्या शिक्षेविषयी विचारतील तेथे मी काही लिहिले नाही तर चालेल काय? आणि माझ्या वर्तणुकीचा दाखला आपण द्याल काय?"

ही गोष्ट गावात पसरावयास वेळ लागला नाही. काहींचे म्हणणे पडले की, देवाने ज्याची क्षमा केली ते मनुष्यास सांगण्याचे कारण काय? कागद कोरा ठेवावा. दुसरे म्हणाले, ज्याने आईच्या नावाने लबाडी केली त्याच्या हाती सरकारने विमान द्यावे तरी कसे? त्याने गोदामात हमाली करावी व गप्प राहावे. ह्या दोहोंपैकी खरे काय, असे उपदेशक विचारतात. आम्हांस वाटते की दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दोहोंच्या मुळाशी एकच घोटाळा आहे.

तो घोटाळा असा. क्षमा आणि जबाबदारी ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पश्चात्तापी मनुष्यास देव क्षमा करितो ती फुकट करितो. तीत वय पाहणे नाही, परीक्षा नाही, दाखला नाही. परंतु एखादे काम कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न केवळ त्या मनुष्याचा नसतो. त्या कामावर ज्यांचे जीव अवलंबून आहेत त्यांचाही तो असतो. कर्जबाजारी मनुष्यास सावकाराने कर्ज सोडले म्हणून दुसऱ्या दिवशी त्यास तिजोरीची किल्ली द्यावी असे होत नाही. उलट, किल्ली दिली नाही म्हणून कर्ज सोडलेच नाही, असेही होत नाही. क्षमा झाली म्हणून काम मिळालेच पाहिजे असे म्हणणारा कृपेस हक्क समजतो. आणि चूक झाली म्हणून काम कधीच देऊ नये असे म्हणणारा कृपेस निष्फळ समजतो.

आता ह्या तरुणाच्या आशेचा व्यावहारिक विचार करू. भिवंडीवरून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गाने जो कोणी गेला असेल त्यास ठाऊक असेल की, नाशिकजवळ ओझर येथे विमानांचा मोठा सरकारी कारखाना आहे, व नाशिकरोड येथे सैन्याचे हेलिकॉप्टर चालविण्याचे शिक्षण दिले जाते. म्हणजे आपल्या गावकऱ्यांस वाटते तितके आकाश दूर नाही. परंतु वाट अरुंद आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत पदवीधराची जी भरती होते तिच्यासाठी शिक्षण सुरू होते वेळी वय २० ते २४ वर्षे असावे लागते. ज्याच्याजवळ व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे त्यास २६ पर्यंत सवलत मिळते. बारावीस गणित व भौतिकशास्त्र हे विषय असावे लागतात. वैमानिकाच्या कौशल्याची जी चाचणी संगणकावर घेतात ती जन्मात एकदाच देता येते. तीत जो उतरला नाही त्यास ती पुनः देता येत नाही. मग वैद्यकीय तपासणी होते, व चारित्र्याची चौकशीही होते. तेव्हा ज्यांच्या नावावर एकही डाग नाही असे हजारो तरुणही मागे राहतात. ह्या आमच्या तरुणाने हे ओळखून असावे की, त्यास नकार मिळाला तर तो त्याच्या जुन्या चुकीमुळेच मिळाला असे मानण्याचे कारण नाही.

चुकीविषयी म्हणाल तर जगाचा न्यायसुद्धा आपल्या गावातील न्यायापेक्षा अधिक विचारी आहे. सैन्यात कोणा जवानाच्या नावावर चार लाल नोंदी झाल्या म्हणजे त्यास काढून टाकण्याचा विचार होतो. अशाच एका जवानाच्या दाव्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली असा निकाल दिला की, चार नोंदी मोजल्या व मनुष्य घालविला, असे करता येणार नाही. आधी निःपक्षपाती चौकशी झाली पाहिजे. अपराध कोणत्या जातीचे होते, सेवा किती वर्षे झाली, किती बिकट ठिकाणी झाली, हे सर्व तोलून पाहिले पाहिजे. बंधूंनो, शिस्तीवर जी उभी असते त्या फौजेस न्यायालय असे सांगते, आणि कृपेवर जी उभी आहे ती आमची मंडळी एकाच नोंदीवरून मनुष्याचा जन्मभराचा हिशेब मिटवून टाकते! ह्याची आम्हांस लाज वाटली पाहिजे.

परंतु त्याच न्यायालयाचा दुसराही एक निकाल आहे, आणि कागद कोरा ठेवा म्हणणाऱ्यांनी तो ऐकावा. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात २०१६ साली तीन न्यायाधीशांनी सरकारी नोकरीच्या अर्जांविषयी नियम सांगितले. उमेदवाराने आपल्याविषयी जी माहिती द्यावयाची ती खरी असली पाहिजे. तीत काही लपविणे अथवा खोटे सांगणे नसावे. तरुणपणातील एखादी क्षुल्लक चूक लपविली असेल तर अधिकारी ती पोटात घालू शकतील. उलट, उमेदवाराने सर्व खरे सांगितले तरी त्याची पूर्वीची वर्तणूक पाहण्याचा अधिकार त्यांस राहतो, व त्यास नेमलेच पाहिजे अशी सक्ती त्यांजवर नाही. हा निकाल फौजदारी प्रकरणांविषयी होता. रजेच्या चुकीहून ती मोठी बाब आहे. तथापि त्यातील तत्त्व आम्हांस लागू आहे. सत्य सांगितल्याने दार उघडेलच असे वचन नाही, परंतु असत्याने उघडलेले दार केव्हाही बंद होऊ शकते.

ह्याहून खोल कारण दुसरे आहे. वैमानिकाचे काम असे आहे की, त्यात चूक लपविणारा मनुष्य चूक करणाऱ्यापेक्षा अधिक घातक ठरतो. विमान उतरविताना चाकास धक्का बसला, आणि शिक्षेच्या भयाने तो बोलला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच विमानात बसणारा सोबती प्राणास मुकेल. म्हणून विमानविद्येत आपली चूक आपण होऊन कळविण्यास फार मोल आहे. अमेरिकेत १९७६ पासून अशी व्यवस्था आहे की, वैमानिकाकडून नकळत काही नियमभंग झाला, व त्याने दहा दिवसांच्या आत तो स्वतः लिहून कळविला, तर बहुधा त्यास दंड होत नाही. कारण त्याच्या कबुलीने इतरांचे जीव वाचतात. तेव्हा आमच्या तरुणाने नीट पाहावे. त्याचा मूळ अपराध अठरा दिवसांचा नव्हता. तो त्या खोट्या निमित्ताचा होता. आज त्याने कागद कोरा ठेविला तर तो जुना अपराध लपवीत नाही, तोच अपराध पुनः करितो. आणि आज त्याने आपल्या हाताने खरे लिहिले, तर वैमानिकास जो गुण सर्वांत आधी पाहिजे तो आपणात आला आहे हे तो दाखवितो.

पवित्र शास्त्रात ह्याच प्रकारची एक गोष्ट आहे. योहान मार्क हा तरुण पौल व बर्णबा ह्यांजबरोबर सेवेस निघाला, आणि पंफुल्यात त्यांस सोडून घरी परतला. पुढे पुनः प्रवासास निघताना बर्णबाने त्यास बरोबर घ्यावे म्हटले, पौलाने नाही म्हटले, आणि त्या दोघांत इतका वाद झाला की ते वेगळे झाले. आम्ही ही गोष्ट वाचतो तेव्हा एकास बरे व दुसऱ्यास कठोर म्हणून मोकळे होतो. परंतु दोघांचीही बाजू होती. पौल कामाकडे पाहत होता: जो एकदा अर्ध्या वाटेवर परतला त्याच्या भरवशावर संकटाचा प्रवास कसा करावा? बर्णबा मनुष्याकडे पाहत होता: ह्यास आता कोणी हात दिला नाही तर हा उभा कसा राहील? त्याने मार्कास कुप्रास नेले. कित्येक वर्षांनी बंदीत असता त्याच पौलाने तीमथ्यास कळविले की मार्कास घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. पौलाची चौकशी व बर्णबाचा हात, ही दोन्ही मार्कास लागली. एकट्या चौकशीने तो बुडाला असता. चौकशी झालीच नसती तर आपण का घसरलो हे त्यास कदाचित कळलेही नसते.

इंग्लंडातील जॉन न्यूटन ह्याची हकीकत आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. १७४४ साली त्यास पकडून लढाऊ जहाजावर घातले. तेथे तो लहानसा अधिकारी झाला. १७४५ साली पळाला, सापडला, फटके खाल्ले, व अधिकार गेला. नंतर गुलामांच्या घोर व्यापारात पडून तो जहाजाचा कप्तान झाला. १७४८ साली वादळात त्याचे मन देवाकडे वळू लागले, तरी तो धंदा त्याने १७५४ पर्यंत केला. पुढे मंडळीची सेवा करावी असे त्यास वाटले, तेव्हा मंडळीच्या अधिकाऱ्यांनी त्यास लागलीच घेतले नाही. कित्येक वर्षे थांबविले, आणि १७६४ साली त्यास दीक्षा मिळाली. १७८८ साली त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तक लिहिले, व त्यात आपला स्वतःचा दोष उघड कबूल केला. ज्या चुकीने त्याचे तोंड बंद व्हावयाचे तिच्याच कबुलीने त्याच्या शब्दास वजन आले. मात्र आरमारातील गेलेले पद त्यास पुनः मिळाले नाही, हेही आमच्या तरुणाने ध्यानात ठेवावे.

कारण दार बंद होणे हेही संभवते. दावीद राजाने मंदिर बांधावे असे मनात आणिले, परंतु त्याच्या हातून युद्धांत पुष्कळ रक्त सांडले होते म्हणून ते काम त्यास दिले गेले नाही. देवाने त्यास टाकिले काय? नाही. त्याने रुसून बसण्याऐवजी सोने, रुपे, गंधसरूची लाकडे जमविली, आणि पुत्राने मंदिर बांधिले. ज्यास विमान मिळाले नाही त्याने इतरांस त्या वाटेस लावावे. आपल्या खेड्यातील मुलांस गणित शिकवावे, अर्ज कसा भरावा ते दाखवावे, आणि आपली चूक सांगून त्यांस तीपासून वाचवावे. हेही लहान काम नव्हे.

आता उपदेशक बंधूंच्या दाखल्याविषयी. त्यांनी दाखला द्यावा, पण खरा द्यावा. "हा मनुष्य निष्कलंक आहे" असे लिहू नये. तसे तर आमच्यापैकी कोणाविषयीच लिहिता येणार नाही. त्यांनी जे पाहिले ते लिहावे: त्याने आपला दोष कबूल केला, त्यानंतर इतकी वर्षे नेकीने काम केले, आईस सांभाळतो, व्यसनापासून दूर आहे. आणि कागद भरण्यापूर्वी त्यांनी त्यास घेऊन त्याच्या आईकडे जावे. जिच्या आजाराचे खोटे निमित्त झाले तिची क्षमा त्याने मागितली आहे काय? सरकारच्या चौकशीत हा प्रश्न येणार नाही. आमच्या चौकशीत तो पहिला आहे.

भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे आमचे पुष्कळ बंधू आहेत. त्यांस हे अधिक सांगणे नलगे. उभा धागा तुटला म्हणजे चांगला कारागीर माग थांबवितो, तुटलेले टोक शोधितो व गाठ मारितो. जो पाहून न पाहिल्यासारखे करितो त्याचे कापड हातभर नव्हे, वारच्या वार बिघडते. गाठ मारलेल्या ठिकाणी बोट फिरविले तर ती लागते. तरी ते कापड टिकते व अंगावर येते. आमच्या तरुणाने आपली गाठ लपवू नये, आणि मंडळीने ती गाठ पाहून कापड फेकून देऊ नये. विमान मिळो अथवा न मिळो, तो खऱ्या मनाने कागद भरून घरी परतला तर त्या रात्री त्याच्या आईस सुखाने झोप लागेल. प्रभू त्यास तितके धैर्य देवो, आणि आम्हां सर्वांस बर्णबाचा हात देवो.