कोऱ्या आलेखाची साक्ष

मिठाच्या खाणीत बोगद्याच्या भिंतीला रडारचा अँटेना टेकवून तंत्रज्ञ सावकाश पुढे सरकतो. रेडिओलहर मिठात शिरते. वाटेत चिकणमातीचा थर, भेग किंवा खारं पाणी लागलं तर तिचा काही भाग परत फिरतो. मिठात तिचा वेग नॅनोसेकंदाला साधारण १२ सेंटिमीटर. शंभर मीटरवरच्या भेगेचा निरोप दीड मायक्रोसेकंदाच्या आसपास परत येतो. आलेखावर रेघ उमटली की निदान तपासायला काही हाती लागतं. खरा पेच पडतो तो आलेख कोरा राहिला तर. तिथे काही नाही, असं म्हणायचं का?

भारतीय दर्शनांपैकी मीमांसेच्या पंडितांनी, म्हणजे मीमांसकांनी, हा वाद शतकानुशतकं घातला आहे. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी वस्तू न आढळणं हेही ज्ञानाचं स्वतंत्र प्रमाण मानलं: अनुपलब्धी. त्या परंपरेत याला कडक अट आहे. वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही.

रडारच्या बाबतीत उजेड म्हणजे लहरीची पोहोच. कोरडं, शुद्ध मीठ वीज जवळजवळ वाहून नेत नाही, म्हणून लहर त्यात शेकडो मीटर जाऊ शकते. ओल्या चिकणमातीत ती मीटर-दोन मीटरांत विरते. आलेख दोन्हीकडे कोराच! शिवाय उजेडालाही मर्यादा असतात. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी मिठात सव्वा मीटरच्या घरात असते, त्याहून फार लहान पोकळी निसटू शकते. तिरका थर लहर भलतीकडेच परतवतो.

या अटीचं मोल जर्मनीतल्या आसे या मिठाच्या खाणीत कळतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९५७मध्ये किरणोत्सारी कचऱ्यासाठी मिठाचे थर सुचवले होते. युक्तिवाद देखणा होता: पाणी खेळलं असतं तर मीठ विरघळलं असतं, ते कोट्यवधी वर्षं टिकलं, त्याअर्थी पाणी आलंच नाही. हात न लावलेल्या मिठाबद्दल हे पटतं. पण आसेत आधी अनेक दशकं खाणकाम झालं होतं आणि काही दालनं मिठाच्या कडेच्या अगदी जवळ पोहोचली होती. १९६७ ते १९७८ या काळात तिथे अशा कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली गेली. १९८८पासून खारं पाणी झिरपू लागलं. पुढे वर्षानुवर्षं रोज बारा हजार लिटरच्या आसपास. जुनं अनुमान नव्या परिस्थितीला लावताना अट तपासायची राहिली, असंच म्हणावं लागतं.

मीमांसेतल्याच दुसऱ्या शाखेला, प्रभाकरांच्या अनुयायांना, अनुपलब्धी हे प्रमाण मान्य नव्हतं. त्यांच्या मते ‘घट नाही’ हे ज्ञान म्हणजे नुसत्या जमिनीचं ज्ञान. त्या हिशेबाने रडारने मीठ दाखवलं, एवढंच म्हणता येईल. ही भूमिका प्रामाणिक आहे, पण खाणीच्या वर राहणाऱ्या माणसांना ती पुरत नाही. त्यांना पाणी आहे की नाही, याचं उत्तर हवं आहे. कुमारिलांची वाट ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार देते, मात्र आधी दिवा लावल्याचा पुरावा मागते. मिठाच्या खाणीत तो पुरावा देता येतो. ऐंशी मीटरवर आधीच माहीत असलेला दुसरा बोगदा असेल आणि त्याचा प्रतिध्वनी स्वच्छ आला, तर लहर तिथवर पोहोचली हे सिद्ध होतं. मग त्या रेषेवरच्या मधल्या कोरेपणाला साक्षीचं वजन येतं. तो प्रतिध्वनीही आला नाही, तर अहवालात ‘पाणी नाही’ असं लिहिण्याचा हक्क कोणालाच उरत नाही.